कदम सर ऑनलाइन झाले

आमच्या स्टाफरूममधले किस्से म्हणजे बांधावरचं गाजरगवत. पेरावं लागत न्हाई अन् उपटून सरत न्हाई! त्यात शाळेत ऑनलाइन ॲप आलं. मग तर विचारूच नका.

डोंगरकड्याकडची आमची शाळा. मी मराठी शिकवते, कदम सर गणित. सरांच्या पहिल्या ऑनलाइन तासाला एका पोरानं हात वर केल्याचं बटण दाबलं. वर्गात हात वर झाला की सर त्याचा एकच अर्थ घेतात.

"जा. लवकर ये!"

"सर, मला गणित विचारायचंय!"

"मंग आल्यावर विचार!"

* * *

मी ॲपवर चाचणी लावली. विधान बरोबर की चूक, ते टाइप करायचं. लेकरांनी घरी बोलतात तसंच लिहिलं, "बराबर." मशीननं अख्खा वर्ग नापास केला!

भूगोलाच्या शेख मॅडम स्क्रीन पाहून म्हणाल्या, "मशीन पुण्याकडची दिसते!"

* * *

लेकरांचं लक्ष कसं टिकवायचं, याचं आम्हाला दिवसभर ऑनलाइन ट्रेनिंग झालं. लई उपयोगी होतं. माझी सगळी तूरडाळ निवडून झाली.

* * *

मग आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी बॉम्ब टाकला. "कदम सर, लेकरांना घरी पाहायला व्हिडिओ करा. जमले तर ठीक, नाहीतर दहावीला विकतचे व्हिडिओ लावू अन् तुम्ही पाचवी घ्या."

बाहेर येऊन सर म्हणाले, "पाचवी माझ्या पाचवीलाच पुजलेली हाय!"

आम्ही खो खो हसलो. सर हसले न्हाईत. दहावीचा वर्ग म्हणजे त्यांचा जीव. मला फार वाईट वाटलं.

* * *

सरांनी रिकाम्या वर्गात मोबाईल उभा केला. समोर नुसते बाक. समीकरण रंगात आलं अन् सर सवयीनं गरजले, "पवन्या, बाहेर काय पाहून राहिला? फळ्याकडं बघ!" ते तसंच ॲपवर गेलं!

दुसऱ्या दिवशी पवनची माय शाळेत हजर. "सर, तुमाला आमचं घर दिसतं व्हय? लेकरू खरंच दाराबाहेर पाहून राहिलं व्हतं!"

बाईंचा पारा चढला. "नाव घेऊन रागावता? नवीन करा. हा शेवटचा चान्स!"

सरांनी केला. नाव न्हाई, ओरडणं न्हाई, एकदम इस्त्रीचा. अर्ध्याच्या पुढं तो कुणीच पाहिला न्हाई.

बाई स्वतः दहावीत गेल्या, आम्ही मागोमाग. "काय रे, नवा व्हिडिओ का नाही पाहिला?"

मग शेवटच्या बाकावरची मुक्ता उठली. ही पोरगी हजेरीलासुद्धा पुटपुटते.

"बाई, नव्यात तर सर कुणाला रागावतच न्हाईत. पयल्या व्हिडिओत बी पवनलाच रागावले. मी बी तर तो पाहत व्हते. मला काहून न्हाई रागावले?"

बाई सरांकडं वळून म्हणाल्या, "दहावी तुमच्याकडंच राहू द्या. तिसरा व्हिडिओ करा."

तिसऱ्यात सर रिकाम्या बाकांवर गरजले, "मुक्ते, मागं काहून बसली? पुढं सरक!"

आठवडी बाजारात तिची माय भेटली. म्हणाली, "मॅडम, पोरगी सरकली की व्हो मोबाईलपाशी!"