गोधडीवरचा अंगठा

जन्माआधीच मूल दत्तक द्यायचं ठरवलेल्या बाईला काय हवंय, हे तुम्ही दत्तक कचेरीतल्यांनी कधी विचारलंत? शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला आमचा जिल्हा फोडून नवे जिल्हे केले ते वर्ष आठवतं; तेव्हा मी पोटातलं बाळ दत्तक द्यायचं ठरवलं होतं. माझ्या जुन्या साडीची मी शिवलेली गोधडी बाळासोबत जाईल, असं आदिलाबादच्या दत्तक कचेरीतल्या बाई म्हणाल्या होत्या. पण आमचं गाव नव्या निर्मल जिल्ह्यात गेलं आणि आठव्या महिन्यात मावशीसोबत नव्या कचेरीत पुन्हा अर्ज करावा लागला. "लेकरू देऊन राह्यली, अन् गोधडीचा हट्ट काऊन?" कारकून हसला. मावशीनं साक्षीचा अंगठा उठवला आणि गोधडीलाच पुसला. "घे, आता कोन घेते हे घाण?" ती मलाच म्हणाली. बाळ गोधडीविना गेलं; ती डागासकट माझ्याकडेच आहे. अशी बाई तुमच्या टेबलाशी आली, तर तिनं शिवलेलं बाळासोबत पाठवा.