प्रतिकारशक्तीचा काढा

आमची ललितावहिनी नारायण पेठेत मॅचिंग सेंटर चालवते. साडी पाहिली की ब्लाउजपीसची नेमकी छटा काढते, आणि "अजून दाखवा ना" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला "अजून म्हणजे, दुकान बंद होईपर्यंत?" असं विचारते. अशी फटकळ बाई घरात माझ्या भावापुढे मात्र ब्र काढत नाही. याचा मला भयंकर राग येतो.

तिच्या मोठ्या आतड्याला सूज आहे, शौचावाटे रक्त जायचं. गोळ्यांनी ते आटोक्यात आलं होतं. पण या गोळ्या प्रतिकारशक्ती कमी करतात, असं सुदर्शनदादाला औषधवाल्याकडून कळलं. झालं! कोरोनात आई गेल्यापासून प्रतिकारशक्ती हेच त्याचं दैवत. त्यानं गोळ्या बंद करून रोज गुळवेलीचा काढा सुरू केला. वहिनी मुकाट प्यायची.

दिवाळीनंतर रक्त पुन्हा जायला लागलं आणि ती दुकानातच कोसळली.

"गोळ्या चालू आहेत ना?" हॉस्पिटलात तिच्या नेहमीच्या डॉक्टर सुरुचींनी विचारलं.

"बंद केल्या. प्रतिकारशक्ती वाढवतोय," दादा अभिमानानं म्हणाला.

"अहो काका, तीच तर नको तितकी वाढलीय! आतड्याच्या आतल्या थरात जन्मापासूनच पहारेकरी पेशी असतात. जंतू घुसला की त्याला गिळतात आणि मग शांत होतात. काकूंच्या पेशी शांतच होत नाहीत, त्या आतड्यालाच जखमा करतात. गोळ्या त्यांना आवरत होत्या. काकूंना मी हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. सलाइनमधून औषध सुरू झालं. रक्त थांबलं नाही तर मोठं आतडं काढावं लागणार होतं. सिस्टर बाहेर आल्या की आम्ही दोघं ताडकन उठायचो, त्या नकारार्थी मान हलवायच्या. शेवटी डॉक्टरच आल्या आणि म्हणाल्या, "आता थांबण्यात धोका आहे. ऑपरेशन करू."

दादा कॉटजवळ गेला. "तुला ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस गं?"

"आईंच्या वेळी तुम्हाला काहीच करता आलं नव्हतं. काढा उकळताना तुम्हाला जरा बरं वाटायचं." वहिनीनं डोळे मिटले. "तुमचं मन राखता राखता माझं आतडं गेलं हो."