खंडेनवमीचं पाणी

ही गोष्ट आठ वर्षं माझ्याजवळ आहे आणि अजून कुणाच्याही कानावर गेलेली नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्या नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच. ओळखीच्या माणसासमोर मी तोंड उघडलं की त्यातून दुसरंच काहीतरी बाहेर पडतं — माझ्या बाजूचं, नीट घडी घातलेलं.

आधी मी कोण ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली. मुलींमधली पहिली नाही — मुलांना धरून पहिली. रोज एसटीनं जाऊन-येऊन बी.एस्सी. केलं, फिजिक्स घेऊन, मग बी.एड. आता जळगावात एका शाळेत विज्ञान शिकवते, पिंप्राळ्यात राहते. या सगळ्याचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी झाकून ठेवला नाही. सासरी फ्यूज उडाला की मलाच हाक. नणंदा चिडवायच्या, "वहिनींना विचारा बाई, वहिनी सायन्सच्या." मी वरवर रागवायचे. आतून आवडायचं.

माझी मुलगी तेजस्विनी, घरात तेजू, तेव्हा नववीत होती. तिला कॉम्प्युटर हवा होता, आणि तोही साधा नाही, गेमिंगचा. विमान उडवायचा कुठलासा खेळ होता, तो आमच्या जुन्या लॅपटॉपवर चालत नव्हता. तयार मशीन तिला नको होतं. सुटे भाग आणून स्वतः जोडणार म्हणाली. सहा महिने एका वहीत लिहीत होती — कुठल्या बोर्डवर कुठला प्रोसेसर बसतो, कुठल्या ग्राफिक्स कार्डाला किती वीज लागते. तिचे बाबा दीपनगरच्या वीज केंद्रात शिफ्टला. ते पहिल्या दिवशीच हो म्हणाले. मी जरा ताणून धरलं आणि मग हो म्हणाले.

दुकानात काय झालं ते सांगायलाच हवं. इतकी वर्षं मी ते किरकोळ म्हणून बाजूला ठेवत आले, पण ते किरकोळ नव्हतं. दुकानदारानं मला बघून विचारलं, "मॅडम, एसएमपीएस किती वॅटचा देऊ?" एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि वॅट म्हणजे काय हे तर मी दरवर्षी शंभर पोरांना शिकवते. मी ठसक्यात एक आकडा सांगितला. तेजूनं माझा दंड हळूच धरला. "आई, तेवढ्यावर कार्ड चालणार नाही. राहू दे, तुला यातलं नाही कळणार." उद्धटपणे नाही हो — मैत्रिणीला सांगावं तसं. दुकानदार हसला आणि तिच्याकडे वळला. त्यानंतर त्यानं प्रत्येक गोष्ट तिलाच विचारली. मी पिशव्या धरून उभी होते.

रविवारी तिनं ते जोडायला घेतलं. हॉलमध्ये जुनी वर्तमानपत्रं पसरली, मधे कॅबिनेट ठेवलं. भागाला हात लावण्याआधी दर वेळी उठून खिडकीचे लोखंडी गज धरायची, अंगातली वीज उतरावी म्हणून. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. चौदा वर्षांच्या मुलीचे हात इतके स्थिर असतात का? माझ्या प्रयोगशाळेत मी असे हात पाहिले नाहीत.

एकच गडबड झाली. एक बारीक काळा स्क्रू तिच्या हातून निसटला. आत पडला की बाहेर, कळेना. कॅबिनेट हलवून पाहिलं, सोफ्याखाली टॉर्च मारला. नाही सापडला. तिच्या बाबांनी दीपनगरहून फोनवर सांगितलं, "आत असता तर वाजला असता बेटा. लाव चालू." तिनं बटण दाबलं. पंखे फिरले, निळा उजेड आला. तेजू ओरडली नाही, नाचली नाही. दोन्ही हात तोंडावर ठेवून नुसती बसून राहिली.

चार दिवस मशीन छान चाललं. वायरी नीट बांधायच्या राहिल्या होत्या, म्हणून कॅबिनेटची एक बाजू तिनं उघडीच ठेवली होती.

पाचव्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारा-अवजारांची पूजा — शिलाई मशीन, गाडी, पाना-पक्कड, जे काही हातानं चालतं ते सगळं. नवरा सकाळीच केंद्रातल्या यंत्रांच्या पूजेला गेला होता. तेजू म्हणाली, "आई, माझ्या कॉम्प्युटरचीपण करायची का पूजा?"

आणि मी तिचा तास घेतला. खरंच, वर्गात घेते तसा. यंत्र हळदकुंकवावर चालत नाही, विजेवर चालतं. पाण्याचा एक थेंब आत गेला तर काय होईल, सांग बरं? ती म्हणाली, "शॉर्ट." मी म्हटलं, "मग? शिकलेल्या बाईची मुलगी ना तू?" ती हिरमुसली, पण हसली. शिकवणीला जाताना म्हणाली, "गेम डाउनलोड होतोय हं आई, बंद नको करू."

ती गेली आणि गावाहून आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, आजही सही करताना त्यांना दम लागतो. त्यांनी हेच विचारलं. "काय वं बाई, पोरीना मशीननी पूजा करी का? नवी मशीन शे. बठ्ठास्नी नजर लागस." सगळ्यांची नजर लागते म्हणे.

मी म्हटलं, "करते आबा."

आबांवर ढकलत नाही. करते म्हणून गप्प बसता आलं असतं, त्यांना काय कळणार होतं तिकडे? पण नजर लागते याची भीती मलाही आहे — चारचौघींइतकीच आहे. फक्त ती कुणाला दिसेल याची भीती त्याहून मोठी आहे. आणि त्या वेळी घरात कुणीच नव्हतं.

मी सगळं यथासांग केलं. शिलाई मशीन झालं, नवऱ्याची हत्यारांची पेटी झाली, अंगणातली स्कूटी झाली. मग तेजूच्या टेबलापाशी आले. कॅबिनेटच्या पत्र्याला बाहेरून हळदकुंकू लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं. आणि मग — मनातल्या मनातही इथे मी दर वेळी थांबते — तांब्यात दुसरं फूल बुडवलं आणि शिंपडलं. बाकी सगळ्यांवर शिंपडलं होतं तसंच. विचार करून नाही. हाताला सवय होती, हात पुढे गेला. बाजू उघडी होती. मशीन चालू होतं. अर्ध्या तासापूर्वी मी स्वतः सांगितलं होतं काय होईल ते.

मोहरी तडतडते तेवढाच आवाज झाला. पंखे थांबले. पडदा काळा. जळक्या वासाचा एक धागा वर आला.

बटण बंद केलं. पदरानं आतलं पाणी टिपलं. कुंकू पुसलं, फूल उचललं, खुर्ची होती तशी लावली. हे सगळं मी अगदी शांतपणे केलं. मग जाऊन कढीला फोडणी दिली. तेजू यायला अजून अर्धा तास होता. अर्धा तास थोडा असतो का? त्यात मला एक वाक्य जुळवता आलं नसतं? "तेजू, माझ्या हातून चूक झाली." पाच शब्द. जुळवले नाहीत. मी विचार करत होते तो वेगळाच — ही मला विचारेल, आई, तूच सांगितलंस ना? आणि मग नणंदांना कळेल. आणि मग ते "सायन्सच्या" कसं म्हटलं जाईल, तेही मला ऐकू येत होतं.

ती आली. म्हणाली, "आई, लाइट गेली होती का?"

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

तिनं बटण दाबलं. परत दाबलं. वाकून आत पाहिलं, वास घेतला. आणि तिचा चेहरा उतरला. "स्क्रू," ती म्हणाली. स्वतःच म्हणाली. मला तर फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिले असते तर आज थोडं कमी सांगावं लागलं असतं. पण मी म्हणाले, "मी तुला म्हटलं होतं ना, तो सापडल्याशिवाय चालू करू नको म्हणून?"

मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. तिनं मान हलवली. तिला ते आठवलंसुद्धा असेल — न घडलेलं.

दसरा झाल्यावर मशीन रफिकभाईंकडे नेलं. त्यांचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, आमची जुनी ओळख. त्यांनी कार्ड काढलं, कापसानं पुसलं. कापसाला लालसर लागलं. त्यांनी कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, पाणी-बिणी तर नाही ना गेलं?" मी म्हटलं, "छे." तेजू मधेच म्हणाली, "काका, माझ्याकडून आत स्क्रू पडलाय एक." रफिकभाई माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "असेल बेटा. बोर्ड गेला, कार्ड पण गेलं. होतं कधीकधी, शिकताना." तिचं मन राखायला परका माणूस पुढे आला. मी पर्सची चेन उघडझाप करत उभी.

दिवाळीच्या साफसफाईत रद्दी काढताना ती हॉलमध्ये पसरलेली वर्तमानपत्रं हाती आली. झटकली, आणि घडीतून तो स्क्रू फरशीवर पडला. काळा, साबुदाण्याएवढा. तो मशीनमध्ये कधी गेलाच नव्हता. तेजू शेजारच्या खोलीत होती, मधे फक्त एक पडदा. मी तो उचलला आणि केराच्या डब्यात टाकला. घंटागाडी आली तेव्हा डबा स्वतः नेऊन दिला, एरवी ते काम तिचं.

खंडेनवमीच्या दिवशी चूक झाली म्हणता येईल. याला काय म्हणायचं?

आणि अजून एक राहिलंय. हे कागदावर उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्या दिवशी ती "स्क्रू" म्हणाली आणि तिचा चेहरा पडला, तेव्हा मला — क्षणभर, पण नक्की — बरं वाटलं. तुला यातलं नाही कळणार, म्हणाली होती ना? माझ्याच पोटच्या मुलीबद्दल मला असं वाटलं. सुटले म्हणून बरं वाटलं, एवढंच सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं. पण ते तेवढंच नव्हतं.

तिचे बाबा म्हणाले, परत भाग आणू, पुढच्या बोनसला. तेजू म्हणाली, नको. मी आग्रह केला नाही. उरलेले भाग तिनं एका मैत्रिणीच्या भावाला देऊन टाकले, ती वहीही त्यालाच दिली. दहावीला मार्क चांगले पडले. तिचे बाबा डिप्लोमाचा फॉर्म घेऊन आले, इलेक्ट्रॉनिक्सचा. तिनं तो वाचलाही नाही. "बाबा, ते माझ्या हाताचं काम नाही." कॉमर्सला गेली. लग्नकार्यात नणंदा तिला "स्क्रूवाली" म्हणतात. किस्सा सांगायची वेळ आली की सगळ्या माझ्याकडे बघतात, कारण मी तो चांगला रंगवते. हो, मी सांगते. किती तरी वेळा सांगितलाय, हातवारे करून. तेजूही हसते.

तिचं वाईट चाललेलं नाही. धुळ्याला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात आहे, मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते, कामात हुशार आहे असं सगळे म्हणतात. तिचं आयुष्य माझ्यामुळे नासलं असं मी म्हणणार नाही, तेवढी मोठी मी नाही. पण तिच्या हातांबद्दल तिला एक गोष्ट ठाऊक आहे, आणि ती खोटी आहे, आणि ती मी तिला शिकवली.

मागच्या महिन्यात मी धुळ्याला गेले होते. तिची मैत्रीण चटणी वाटत होती आणि मिक्सर बंद पडला. प्लगमधली वायर सुटली होती, बाकी काही नाही. तेजू दोन पावलं मागे सरकली. "आई, तू बघ. मी हात लावला की काहीतरी जळतं." हसत म्हणाली. तिच्या अंगवळणी पडलंय ते आता. ड्रॉवरमधून टेस्टर काढून तिनं माझ्यापुढे धरला.

मी घेतला. प्लग उघडला, वायर आत सरकवली, आवळली. मिक्सर सुरू झाला.

तेजू मैत्रिणीला म्हणाली, "बघ, माझ्या आईच्या हाताला यश आहे."

मी टेस्टर पुसून ड्रॉवरमध्ये परत ठेवला.