होडीचं दावं

बेळगावच्या बाईनं शिडाची होडी ठेवू नये, असा कायदा कुठं लिहिलाय ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. तोंडी मात्र सगळ्यांनी सांगून झालं. खासबागेतल्या आमच्या अपार्टमेंटमधल्या बायका म्हणाल्या, "टीचर, आता या वयात?" धाकटा भाऊ म्हणाला, "समुद्र कुटाय आपल्याकडं?" समुद्र नाही म्हणूनच तर मी जागा शोधत होते. दारात असता तर शोधायचं काय कारण होतं?

तीसेक वर्षं मी हायस्कुलात भूगोल शिकवला. त्यातली शेवटची दहा वर्षं रविवार आला की धरणावरच्या एका छोट्या क्लबात जायची आणि शीड सांभाळायला शिकायची. वारा कुठून येतो ते गालाला कळायला लागलं, तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा आपण हुशार आहोत असं वाटलं. पुढं क्लब बंद पडला, होड्या विकायला काढल्या. चौदा फुटांची एक मी घेतली. धरणात ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून ती बोरगावला भावाच्या तंबाखूच्या वखारीत गेली आणि दोन वर्षं तिथंच पडून राहिली.

मला उबेची जागा हवी होती. बेळगावचा गारवा पाहुण्यांना आवडतो, माझ्या गुडघ्यांना नाही. आणि जागा परवडायला हवी होती, कारण पेन्शन शाळेची आहे. गोव्यात विचारायला गेले तर तिथल्या माणसानं माझ्या मागं बघून विचारलं, "साहेब कुठायत?" साहेब नाहीत, कधीच नव्हते, असं सांगितल्यावर त्यानं भाडं सांगितलं. ते माझ्या अर्ध्या पेन्शनएवढं होतं. कारवारला दोन दिवस कन्नडमधून गोड बोलून बघितलं. लहान होडीला तिथं जागाच नव्हती. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि शेजारणीनं प्रकृती विचारली तर तिच्यावरच खेकसले.

जानेवारीत तंबाखू निघायला लागली आणि भावाला वखार रिकामी हवी झाली. त्यानं तोडगाही काढून ठेवला होता. निपाणीजवळ हायवेवर त्याच्या ओळखीचा एक हॉटेलवाला होता. त्याला होडी बागेत ठेवायची होती.

"आत दोन टेबलं बसत्यात, आक्का. वर लायटिंग सोडणार म्हणतोय. लोकं फोटू काढत्यात."

माझ्या होडीत बसून लोक मंच्युरियन खाणार होते. मला राग आला. मग बोलले. आमच्या आईनंतर भावाला इतकं कुणी बोललं नसेल. शेवटी तो म्हणाला, "बरं. एक खेप. टेम्पोत होडी घालूनच जाऊ. जागा घावली तर तितं सोडू, न्हाय तर येताना हाटेलात उतरवू."

आंबोलीचा घाट उतरलो तसा मी स्वेटर काढला. वेंगुर्ल्याच्या अलीकडं एका खाडीच्या काठावर एका बाईंची नारळाची वाडी होती. फोनवर बोलणं झालं होतं. पाण्यालगत जांभ्या दगडाचा जुना धक्का, त्यावर एक खांब. पावसाळ्यात होडी उलटी घालायला शेडही. भाडं विचारलं तर बेळगावात मी स्कूटर लावायला देते तेवढंच. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

भावानं मात्र जागा रान घेताना बघतात तशी बघितली. रस्ता बघितला, विहीर बघितली, बाजूला कोण आहे ते विचारलं, बूट काढून माती पायानं दाबली. मग मान हलवली. दुपारचे साडेबारा झाले होते. पाणी धक्क्याच्या काठोकाठ भरलेलं होतं. वाडीतल्या चार माणसांनी होडी पाण्यात ढकलली आणि भावानं तिच्या नाकातल्या कडीतून दोर घालून खांबाला बांधली. हातभर दोर ठेवला, बस्स.

"जरा लांब ठेव की," मी म्हणाले.

"लांब ठिवलं की म्हस शेजाऱ्याच्या रानात तोंड घालतीया."

धरणातल्या होड्याही आम्ही आखूडच बांधायचो. मी दोर तसाच राहू दिला.

मग भावाच्या जेवणाचा प्रश्न आला. आम्ही जैन. कांदा, लसूण, बटाटा नाही, आणि दिवस मावळायच्या आत ताट उचललं गेलं पाहिजे. मी थोडी ढिली आहे, भाऊ नाही. जिथं जावं तिथं सुरमईचा फलक. टेम्पो घेऊन दोन गावं पालथी घातली. शेवटी एका देवळामागच्या बाईंनी वेगळा डाळभात शिजवून दिला. जेवून खाडीवर परत आलो तेव्हा सूर्य टेकला होता.

खाडीत पाणी नव्हतं. माझी होडी खांबाला नाकानं लटकत होती आणि तिचा मागचा भाग खाली चिखलात रुतला होता.

भावानं धक्क्यावरून वाकून खाली बघितलं. मग हळूच म्हणाला, "आक्का, तू तर साळंत ह्येच शिकवत हुतीस न्हवं?"

शिकवत होते. दरवर्षी फळ्यावर चंद्र काढायचा, पृथ्वी काढायची, पाण्याला दोन्हीकडं फुगवटा दाखवायचा. परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते आणि मी भरतीच्या पाण्यावर हातभर दोरानं होडी बांधू दिली होती. लाजेनं माझे कान गरम झाले.

"शिकवत होते," मी म्हणाले. "बघितलं आज."

"आता बास कर. टेम्पोत घालू. हाटेलवाला वाट बघतोय."

"घाल. पाण्याशिवाय कशी वर काढतोस बघू."

ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. चिखलातून ती होडी दहा माणसांनाही हलली नसती. वाडीवाल्या बाई तोवर बाहेर आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. "घाबरू नको गे, पाणी येतलां परत," एवढंच म्हणाल्या. ओढ बसून गाठ दगडासारखी आवळली होती. मी त्यांचा कोयता मागून घेतला आणि एका घावात दोर तोडला. होडी थप्पकन चिखलात बसली. रात्रीच्या भरतीत वाहून जाऊ नये म्हणून बाईंच्या लांब दोरानं ती खांबाला बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीपर्यंत ती कुणाच्या बापाला टेम्पोत घालता येणार नव्हती, आणि मीही हलणार नव्हते.

रात्री बाईंच्या पडवीत झोपलो. सकाळी त्यांनी भावाला उकड्या तांदळाची पेज दिली आणि सोबत, न सांगता, कांद्याशिवायची भाजी. पेज पिऊन तो कुठंतरी गेला. मी खाडीवर गेले तर तो गुडघाभर चिखलात उभा राहून नवा दोर हातांनी मोजत होता. धक्क्यावरून खालच्या चिखलापर्यंत एकदा, आणि वर तेवढाच आणखी. मी पाय न वाजवता मागं सरले. बोलले असते तर त्यानं दोर टाकून दिला असता.

साडेबाराच्या आधीच पाणी आलं. होडी आधी मागून उचलली गेली, मग सरळ झाली. मी आत उतरले. पायाखालची फळी गरम होती आणि गुडघे दुखत नव्हते. शीड अर्धं चढवलं होतं, तेवढ्यात काठावर भावाचा फोन वाजला. हॉटेलवाला होता. भाऊ फोन कानाला लावून माझ्याकडं बघत राहिला. दोराचं दुसरं टोक त्याच्याच हातात होतं.

"न्हाय वो," तो म्हणाला. "होडी न्हाय मिळायची. रिकामी न्हाय ती. आक्का बसलीया तिच्यात."

आणि त्यानं दोर सोडला.