उघाडीवरचं घड्याळ

गोटीराम काकांनी कंपनीचं पाणी घालवलं, असं शिरवण्यात अजूनही कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणणाऱ्याचा दोष नाही. तसं लेखी आहे, आणि ते लेखी माझ्याच अक्षरात आहे.

तेव्हा आमच्या खाडीकाठाला कुणी नवी मुंबई म्हणेल असं स्वप्नातही नव्हतं. गाव संपलं की कंपनीचं मिठागर सुरू, आणि गावातली निम्मी माणसं आगरात कामाला. मी सातवी पास, म्हणून डोक्यावर टोपली न येता हातात टाक आला. वामन कारकून. गोटीराम काका उघाडीवर. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. बाहेर खाडी, आत साठवणीचं तळं. पुनवेच्या, अवसेच्या उधाणाला खाडी चढली की दाराची फळी वर ओढायची, पाणी आत घ्यायचं, ओहोटी लागायच्या आत फळी खाली. मग त्या पाण्याला ऊन द्यायचं, दाट झालं की वाफ्यांत सोडायचं, त्याचं मीठ. सांगायला एवढंच. पण फळी लवकर उचलली, आणि बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली असलं, तर आतलं सगळं दाट पाणी खाडीत. एकदा का लोंढा लागला की दहा माणसं फळीवर उभी राहिली तरी ती खाली बसत नाही.

काकांनी एकतीस वर्षं ती फळी सांभाळली. दाराच्या बाहेरच्या खांबावर कालवं, म्हणजे ते खडबडीत शिंपले, चिकटलेली होती, ओळीओळीने. वरची ओळ पाण्याखाली गेली की फळी वर. बास. एक उधाण कधी चुकलं नाही. माणूस ठेंगणा, तोंडाने तिखट. मला येता-जाता टोचायचे, "वामन, सातवी शिकलास, पन आज पानी कवा येल ता सांग बगू!" मला सांगता यायचं नाही, मग ते मांडीवर थाप मारून हसायचे.

गुडघे मात्र गेले होते त्यांचे. उमेदीची वर्षं मिठाच्या टोपल्या वाहिलेल्या, नंतर उघाडी मिळाली म्हणून टिकले. मूलबाळ नाही. घरात धोंडूबाई काकी, ती दम्याची. उघाडी सुटली तर पुन्हा टोपली, आगरात तिसरं काम नव्हतं. टोपली त्यांच्याने होणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

साठ सालच्या दिवाळीनंतर नवे साहेब आले. शिकलेले, मनगटावर घड्याळ, माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, शिव्या घालून मोकळे झालो असतो. त्यांनी येताना भरतीचं छापील पुस्तक आणलं, मुंबईच्या अपोलो बंदराचं. आणि एक गजराचं घड्याळ. पुस्तकात भरतीची जी वेळ असेल तिच्या बरोबर एक तास आधी उघाडी उघडायची, असा नियम केला. "कालवं बघून कारखाना चालत नाही," म्हणाले. "ज्याला घड्याळ कळत नाही त्याला मी उघाडीवर ठेवणार नाही. महिन्याची मुदत देतो."

त्या संध्याकाळी काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर येईनात.

"वामन, मना घड्याल शिकवशील?"

रोज काम सुटलं की आम्ही बांधावर बसायचो. ओल्या चिखलात मी गोल काढायचो आणि दोन काड्या ठेवायचो, एक मोठी, एक बारकी. सत्तावन्न वर्षांचा माणूस पोरासारखा त्या चिखलावर वाकून बसायचा. चुकलं की स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायचा. "मोटा काटा उगा पलतो, आनि मान सगला बारक्याला! ही कोनची रीत रं?" मला हसू यायचं. त्यांना यायचं नाही. डोळ्यांत पाणी असायचं, खरंच सांगतो.

पण शिकले. महिना भरायच्या आत साहेबांनी काटे फिरवून पाच वेळा विचारलं, पाचही बरोबर. घरी जाऊन त्या रात्री दर पाच मिनिटांनी काकीला किती वाजले ते सांगत बसले. शेवटी ती ओरडली, "गप पडा आता, नायतर त्या घड्यालाला चुलीत घालीन!"

घड्याळ आलं, पण खाडीला कुठे घड्याळ कळतं? पाणी आधी अपोलो बंदराला लागतं, मग शिवडीला, मग वळसे घेत आमच्याकडे. अर्धा तास जातो त्यात. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. पुस्तक छापणाऱ्याने शिरवणं कुठे पाहिलंय! पहिली काही उधाणं काका घड्याळाकडे बघायचे आणि कालवांवर फळी उचलायचे. साहेब कधी फिरकले नाहीत, त्यामुळे खपून गेलं.

चैत्रातल्या पुनवेला साहेब फिरकले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फळी वर हवी होती. साडेअकरा झाले तरी काका बांधावर उकिडवे बसलेले, खांबाकडे बघत. साहेबांनी मनगट त्यांच्या तोंडासमोर धरलं. मागे टोपलीवाल्या बायका रांगेत उभ्या होत्या.

"पानी अजून आला नाय, सायब," काका म्हणाले. "दहा मिंटा थांबा."

"पाणी तुला विचारून येतं? हे पुस्तक काय वेड्याने छापलंय?"

मी मधे बोलायला हवं होतं. अर्ध्या तासाचा फरक मला माहीत होता, आणि साहेब माझं ऐकायचे, मी लिहिणारा माणूस होतो ना! पण त्याच आठवड्यात त्यांनी दोन कारकुनांपैकी एकाला कमी केलं होतं. घरात माझी तीन पोरं. मी वहीत डोकं घातलं. साहेब सगळ्यांसमोर काकांना म्हणाले, "पुन्हा एकदा वेळ चुकली की टोपली. मग माझ्याकडे यायचं नाही."

काकांचं धाबं दणाणलं. पुढले दोन दिवस ते खाडीत जाळं घेऊन बसले आणि हातभर लांबीचा जिताडा काढला. आमच्याकडे तलाठी असो, डॉक्टर असो, मोठ्या माणसाकडे काम असलं की जिताडा न्यायचा, यापेक्षा मोठा मान आम्हाला देता येत नाही. केळीच्या पानात गुंडाळून, वर धुतलेलं फडकं घालून काका तो साहेबांच्या बंगल्यावर घेऊन गेले. साहेबांच्या घरात कांदासुद्धा चालत नव्हता. बाईंनी फडकं उचललं आणि किंचाळल्या. मासा अंगणात, काका त्याच्या मागे. दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला सांग, मला बाटवायला निघाला होता की लाच द्यायला?" मी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. काकांनी तो जिताडा घरीही नेला नाही, खाडीत परत टाकला. तोपर्यंत मेला होता तो.

आणि मग चैत्रातली अवस.

आतलं तळं तुडुंब होतं. पंधरा दिवस कडक ऊन खाल्लेलं दाट पाणी, हंगामातलं शेवटचं पीक त्याच्यावर होतं. काका सकाळी आठपासून घड्याळ मांडीवर घेऊन बसलेले. मी पुस्तक घेऊन शेजारी, साहेबांनीच बसवलं होतं मला. भरती बारा दहाची. अकरा वाजले. पाच मिनिटं झाली. मी खांबाकडे बघितलं. कालवांची वरची ओळ कोरडी होती. दुसरीही कोरडी होती. खाडी चांगली हातभर खाली.

काका माझ्याकडे बघत होते.

"वामन, पुस्तकात काय हाय? नीट बग."

"बारा दहा," मी म्हणालो.

"म्हंजे अकरा दहाला उगडायची."

"तसंच लिहिलंय, काका."

"पानी नाय आला रं," ते हळूच म्हणाले. "तुना दिसतंय ना?"

दिसत होतं की! आंधळा होतो का मी? एक शब्द बोललो असतो, थांबा, मी साहेबांना सांगतो, एवढंच, तर एकतीस वर्षं उघाडी सांभाळलेला माणूस वाचला असता. मी म्हणालो, "मला काय कळतं त्यातलं?"

आयुष्यभर ज्या गोष्टीवरून त्यांनी माझी थट्टा केली, तीच मी त्यांच्यासमोर ढाल म्हणून धरली. काका उठले. मोठा काटा दोनवर आला तशी त्यांनी दोन्ही हातांनी फळी ओढली.

पाणी आत आलं नाही. आतलं बाहेर गेलं. असा काही लोंढा लागला की बांध थरथरला. काका फळीवर चढून उभे राहिले, नाचले, ओरडले, "मेलो, मेलो! वामन, मानसां बोलव!" बायका टोपल्या टाकून धावल्या, सगळे फळीवर लोंबकळले, पण ती हलली नाही. वीस मिनिटांत तळ्याचा गाळ दिसायला लागला. मग कुठे खाडी चढली आणि कालवांची वरची ओळ पाण्याखाली गेली. घड्याळात पावणेबारा झाले होते.

साहेब आले, गाळाकडे बघितलं, आणि काय म्हणाले माहीत आहे? "एकतीस वर्षं काढलीस ना इथे? तुला डोळे नव्हते?"

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुस्तक मी वाचलं, हे ते म्हणू शकले असते. मान खाली घालून उभे राहिले. छातीवर गाळ उडालेला, धोतर फाटलेलं.

दुपारी साहेबांनी मला जबाब लिहायला सांगितला. ते बोलले ते मी लिहिलं. उघाडीवाल्याच्या निष्काळजीपणामुळे कंपनीचं नुकसान झालं, त्याला हे मान्य आहे. काकांचा अंगठा शाईत बुडवून मी कागदावर टेकवला. त्यांनी विचारलं, "काय लिवलंस?"

"पाणी गेलं असं लिहिलंय."

"हा," ते म्हणाले. "ता खरा हाय."

दुसऱ्या दिवसापासून टोपली. आणि उघाडी कुणाकडे? माझ्याकडे. साहेब म्हणाले, तुला वाचता येतं, तुझं तू बघ, फक्त वेळ चुकवू नकोस. मी नाही म्हणालो नाही. काका बायकांच्या रांगेत सगळ्यांत शेवटी, कमरेत वाकलेले, टोपली अर्धीच भरलेली. पुतळा नावाची एक मुकादमीण होती, ती त्यांच्या टोपलीत मीठ कमी घालायची आणि मोजताना दुसरीकडे बघायची. तिला माझ्याहून जास्त काळीज होतं. काका अकरा दिवस टिकले. बाराव्या दिवशी मिठाच्या गंजीवर चढायच्या फळीवरून गुडघा मोडून खाली आले, त्यात खुबा गेला. चौघांनी दारावर घालून घरी नेलं.

वैशाखी पुनवेच्या आदल्या दिवशी धोंडूबाई काकी कचेरीत आली. धापा टाकत होती. पदराखालून तिने कंपनीचं गजराचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. काकांकडेच राहिलं होतं ते.

"ह्यांनी पाठवलाय," ती म्हणाली. "काटं अर्धा तास मागं केल्यान. तू पुस्तकातली येल बग आनि ह्याच घड्यालावर फली उचल, पानी बरोबर येल. सायबानं इचारला तर घड्याल दाखव. तुजी नोकरी जानार नाय."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मग त्यांनी स्वतःच का नाही केलं आधी?"

"मी पन तेच बोललू. तर म्हनतात, कंपनीची वस्तू, तिला आपुन हात कसा लावावा? लबाडी होते. आता नोकरीच नाय, आता लबाडी केली तरी माजं काय जातंय?"

ती निघाली. दारात मी तिला अडवलं. राहवेना. त्या कागदात मी खरं काय लिहिलं होतं, ते काकांना माहीत आहे का, एवढंच विचारलं.

"अंगठा लावला तवाच माहीत व्हता," काकी म्हणाली. "म्हनले, वामनची पोरा ल्हान हाईत."

काकांनी तो पावसाळा काढला नाही. मी उघाडीवर नऊ वर्षं होतो, त्याच घड्याळावर. साहेब मनगटावरचं घड्याळ घेऊन पुन्हा कधी तिकडे फिरकले नाहीत. एक उधाण चुकलं नाही. साहेबांनी आगर सोडून जाताना सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, वेळ पाळावी तर वामनने.