गजूच्या स्क्रिप्टला मी दिलेले चार मार्क

गजूची स्क्रिप्ट लिस्टमध्ये आली नाही, कारण ती मी येऊ दिली नाही.

गजू परवा गेला. अकोल्यात, दुकानातच. हार्ट अटॅक.

अमरावतीला कॉलेजात एकाच रूमवर राहिलो आम्ही. नंतर तो वडिलांचं फुलांचं दुकान सांभाळायला लागला आणि हार गुंफता गुंफता हॉरर पिक्चर लिहायला लागला. आठ लिहिले. एकही बनला नाही.

मी मुंबईत सीरियल लिहितो. त्यावरून चिडवायचा, "तुह्या सासवांपेक्षा माहे भुतं बरे बे. निदान मेल्यावर तरास देतात."

मुंबईत दरवर्षी एक लिस्ट निघते. न बनलेल्या हॉरर-थ्रिलर स्क्रिप्ट्समधल्या सगळ्यात चांगल्या दहा. बक्षीस वगैरे काही नाही. पण नाव आलं की प्रोड्यूसर स्वतःहून फोन करतात.

गजूसारख्याला दुसरं दार नव्हतं.

यंदा वाचणाऱ्यांमध्ये मी होतो. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. आणि आपण स्क्रिप्ट पाठवलीय हे त्याने मला सांगितलं नव्हतं. सरप्राइज द्यायचं होतं म्हणे.

स्क्रिप्टवर लेखकाचं नाव नसतं. ओळखीच्या माणसाची निघाली तर परत करायची, दुसरा कोणी वाचतो. साधा नियम.

मी पहिल्याच पानावर ओळखली.

एक फुलवाला. त्याच्याकडे रोज सकाळी मयतीच्या हाराची ऑर्डर येते आणि ज्याच्यासाठी हार, तो माणूस अजून जिवंत असतो. पहिल्या सीनमध्ये बाप त्याला शिकवतो, "मयतीचा हार देल्यावर गिऱ्हाइकाले 'या' म्हनू नोको."

हे वाक्य गजूच्या बाबांचं. मी त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

परत करायला हवी होती. नाही केली. एका बैठकीत वाचून काढली. भीती वाटली, खरंच वाटली.

मग पोटात दुखायला लागलं. इतकी वर्षं मुंबईत घासून मला असं एक पान जमलं नाही, आणि हा अकोल्यात बसून...

दहापैकी चार मार्क दिले.

वर शेरा लिहिला, "भाषा फार स्थानिक. प्रेक्षकांना कळणार नाही."

हे कोणी लिहिलं? मी! ज्याच्या घरात आजही 'काहून' म्हटल्याशिवाय कोणी प्रश्न विचारत नाही.

तीच स्क्रिप्ट वाचणाऱ्या बाकी दोघांनी नऊ-नऊ दिले होते, हे नंतर कळलं.

लिस्ट लागली त्या दिवशी त्याचा फोन आला.

"एक स्क्रिप्ट धाडली होती बे. नाही आलं नाव. भाषा समजत नाही म्हनतेत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाचनारा पुन्या-मुंबईचा असन. त्याचाही काय दोष? आपल्याकडचा असता त समजलं असतं."

"हो," मी म्हणालो. "असेल."

"पुढच्या साली आधी तू वाचून देजो. तू म्हनशीन तसं बदलवतो."

त्यालाही मी हो म्हणालो.

काल अकोल्याला गेलो. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत गजूचा मोठा भाऊ, रमेशदादा, त्याच्यासाठी हार गुंफत बसला होता.

"दुसऱ्याच्या दुकानातून कसा आनू मी?" एवढंच बोलला.

मी पण एक हार मागितला. त्याने पानात बांधून दिला.

"येतो दादा," मी सवयीनं म्हणालो.

त्याने मान खाली घातली. 'या' म्हणाला नाही.

दादाला, गजूच्या बायकोला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितोय. लिस्टवाल्यांनाही सकाळी मेल केलाय. त्यांनी मला काढून टाकलं तर बरंच होईल.

गजू, तुझी भाषा मला समजली होती रे. शब्द न् शब्द समजला होता.

वाचणारा आपल्याकडचाच होता.

शेवटचा नमस्कार, दोस्ता.