पार्किंगच्या जागेतला काजू

"लांब रव गो! हात उततलो!"

ओले काजू सोलताना कुणी मदतीला गेलं, की आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका असे खेकसायचे. काजूचा चीक कातडीला लागला की फोड येतात. त्यांची स्वतःची बोटं मात्र कायम काळी, सालपटलेली. महाप्याला कारखान्यात फिटर, गाव मालवणकडे. कामावरून आले की चहाच्या आधी बिल्डिंगमागच्या काजूच्या झाडाला एक फेरी. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी पानं चाचपायचे. अशी वल्ली तुमच्याही सोसायटीत असेल. नसेल तर तुमचं नशीब!

नव्वदीची सुरुवात होती. राहायला आल्या आल्या त्यांनी गावची बी मागे पुरली. का? तर काकूंना ओल्या काजूची उसळ जीव की प्राण. चार-पाच वर्षांनी सोसायटीला तीच जागा स्कूटरांसाठी हवी झाली.

"काका, झाड काय धरंना. पार्किंगचं लय टेन्शन हाय," सेक्रेटरी म्हणायचे. ते आमच्या साताऱ्याकडचेच.

"ह्या वर्साक धरतला."

आणि धरलं की हो! सगळ्यात जास्त हरखले सेक्रेटरीच. त्यांनी एक बी तोडली आणि कचकन दातांनी फोडली. आम्ही देशावरची माणसं, शेंग दिसली की दाताखाली घालणार! मीही तेच केलं असतं. ते पुढे होते म्हणून मी वाचले.

ओठ सुजून वांगी झाली. "विषारी झाड! तोडा!" रविवारी मीटिंग ठरली.

काका मुकाट्याने सकाळ-संध्याकाळ कोकमतेलाची वाटी घेऊन त्यांच्या दारात. "व्हट फुडे करा." सेक्रेटरी मान फिरवायचे, पण ओठ पुढे करायचे.

मीटिंगला काकांनी पातेलं आणून ठेवलं. "झाड सोसायटीचा आसा. तोडा. पण ही उसळ खावन बघा, मगे काय ता ठरवा." मला इतकं वाईट वाटलं, की मी चमचेच वाटायला लागले.

सेक्रेटरींनी जपून एक घास घेतला. मग वाटी पुढे केली. "आजून वाडा. ठरावाचं बगू."

ते बघणं राहूनच गेलं. दर वर्षी झाड धरायचं, काका सोलायचे, अख्खी बिल्डिंग खायची.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना काका गेले. चटकाच लागला जिवाला. पुढच्या मार्चमध्ये झाड नुसतं लगडलं. सेक्रेटरींनी स्वतः ओले काजू काढले आणि पिशवी भरून काकूंकडे नेली. मी तिथेच होते.

काकू पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "भावजी, माका सोलूक येनत नाय. त्येंनी कधी करूकच दिल्यानी नाय."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मला येत नव्हतं. त्यांनाही नाही. अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणालाच येत नव्हतं.